आबा गाण्यात वारले

कळंबातल्या आमच्या घराला वास होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे घडलं त्यात त्या वासाचा वाटा मोठा आहे. ओली लोकर, लेंड्या, चुलीत अर्धवट जळालेली बाभूळ, आणि वारा फिरला की साखर कारखान्याकडून येणारी मळी, असा सगळा मिळून तो वास असे. नवखा माणूस दारात क्षणभर थबकायचा, नाकाशी रुमाल न्यायचा आणि मग ओशाळून खाली घ्यायचा. आम्हाला तो जाणवतही नसे. आमचा दिवस वालचंदनगरच्या भोंग्यावर चालायचा. पहिला भोंगा झाला की आई चहाचं आधण ठेवायची, दादा म्हणजे माझे वडील सायकलची हवा अंगठ्यानं दाबून बघायचे, आणि परड्यातल्या मेंढ्या एकीला बघून दुसरी अशा ओरडायला लागायच्या. त्या आवाजानं आबा जागे व्हायचे. आबा म्हणजे माझे आजोबा. ते जागे झाले की बाजेवरून डाव्या हातानं भिंतीवर थाप मारायचे, आणि आई हातातलं काम टाकून आत जायची.

आबांचा उजवा हात आणि उजवा पाय वाऱ्यानं गेला होता. सारा जन्म त्यांनी मेंढरांमागं चालण्यात घालवला. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परत वर यायचं. पुढं पाटाचं पाणी आलं, जिकडं तिकडं ऊस झाला, चरायला माळ उरला नाही. दादांना कंपनीत काम लागलं तेव्हा आबांनी कळप विकला आणि चार मेंढ्या तेवढ्या मागं ठेवल्या, सवय म्हणून. मग एका सकाळी धारेला बसले ते उठलेच नाहीत. बोलणं जड झालं, पण डोकं शेवटपर्यंत लख्ख. तोंडाचा एक कोपरा लोंबायचा, त्यातून लाळ गळायची, आणि हुलग्याचं माडगं पाजताना निम्मं हनुवटीवर यायचं. हगणंमुतणं बाजेवरच. आई जुन्या लुगड्यांच्या घड्या करून खाली घालायची, दिवसातून कितीदा तरी बदलायची, आणि धुऊन परड्यातल्या काटेरी कुंपणावर वाळत टाकायची. मला सुरुवातीला फार किळस यायची. श्वास रोखून मी ते कपडे उचलायचे. पुढं कधी ती किळस गेली ते कळलं नाही. रोजचं झालं की ते फक्त काम उरतं. आज आईचं सगळं मी करते, आणि माझी मुलगी दारातच उभी राहून श्वास रोखते. मी तिला काही म्हणत नाही.

दत्तूकाका या घरातून लवकर निसटले होते. दादांच्या पाठचा भाऊ. अभ्यासात हुशार, म्हणून आबांनी थोरल्याला मेंढरांमागं घातलं आणि धाकट्याला वालचंदनगरच्या शाळेत. तिथून ते पुण्याला कॉलेजात गेले आणि तिथं त्यांनी चार पोरांना घेऊन बँड काढला. बँड म्हटलं की आमच्याकडं लग्नातला बँड. हा तसा नव्हता. खांद्यापर्यंत केस, काळे कपडे, इंग्रजी गाणी, आणि कानठळ्या बसवणारी गिटार. नाव 'फर्नेस'. पुण्यातल्या कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये म्हणे त्यांच्यासाठी खिडक्यांच्या काचा फुटायच्या. काका वर्षातून एकदा जत्रेला यायचे, जेवायचे, आणि मुक्कामाला वालचंदनगरच्या कॉलनीत मित्राच्या क्वार्टरवर जायचे. "मला धुराचा त्रास होतो," म्हणायचे. ते गेल्यावर आई त्यांचा पेला घासताना म्हणायची, "भाऊजींना धुराचा न्हाय, आपल्या वासाचा तरास होतुया." दादा हसायचे. मला राग यायचा, तो आईचा. कारण माझ्यासाठी काका म्हणजे देव होते. मी बारामतीत कॉलेजला जात होते आणि कणगीमागच्या भिंतीवर 'फर्नेस'चं पोस्टर मी भाताच्या खळीनं चिकटवलं होतं. पदवी झाली की पुढं शिकायला माझ्याकडं ये, असं काका मला म्हणाले होते. घरात कुणी तो विषय काढायचं नाही, पण तो सगळ्यांच्या मनात होता.

काका चाळिशी ओलांडून गेले तोवर 'फर्नेस'ला कुणी विचारेनासं झालं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर त्यांच्या ड्रमवाल्यानं सांगितलं. केस विरळ झाले, पोटं सुटली, एकाचे गुडघे गेले. कॅसेट काढणाऱ्या माणसानं सांगितलं की इंग्रजी गोंगाट आता खपत नाही, मराठीत काहीतरी मातीतलं, मागं वळून बघणारं करा. त्या हिवाळ्यात काका ड्रमवाल्या रॉबिनला घेऊन कळंबात आले आणि पहिल्यांदाच सलग दोन दिवस आमच्या घरात राहिले. आईनं कोकरू कापायला लावलं. काळ्या मसाल्याचं मटण आणि बाजरीच्या भाकरी केल्या. रॉबिन पुण्याच्या कॅम्पातला, टक्कल पडलेला, जाडजूड माणूस. तो मांडी घालून बसला, रश्श्यात भाकरी कुस्करून दादांसारखाच ओरपू लागला, आणि डोळ्यांतून पाणी येत असताना म्हणाला, "वहिनी, अजून." काकांनी वरचेवर नाक पुसलं आणि अर्धी भाकरी ठेवली.

दुपारी काका हातात छोटा टेपरेकॉर्डर घेऊन आबांच्या बाजेशी बसले. आबांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. धाकटा जवळ येऊन बसला होता.

"आबा, मेंढरांना हाळी द्यायचात ना, तशी द्या बरं एकदा."

"आता कुठली मेंढरं?" आबा म्हणाले.

"समजा, आहेत समोर."

"समजून हाळी निगत न्हाय, दत्तू. मेंढरं म्होरं लागत्यात."

मग मी परड्यातल्या मेंढ्या सोडल्या. आबांनी मान उचलली आणि त्या वाकड्या तोंडातून, जिभेच्या बुडापासून, अशी हाळी काढली की मेंढ्या अंगणातून वळून दारात आल्या आणि एकमेकींना ढकलत आत घुसायला लागल्या. रॉबिन बाजेच्या लाकडावर बोटांनी ठेका धरत होता. आबांनी डाव्या हातानं त्याला जबाब दिला. तो थांबला की हे वाजवायचे, हे थांबले की तो. दोघं बराच वेळ तसंच खेळत बसले आणि आबा लहान पोरासारखे हसत होते. तेवढ्यात आबांना बाजेवरच झालं. वास सुटला. काका टेप बंद करून उठले आणि बाहेर जाऊन सिगारेट पेटवली. आई आत आली. रॉबिन न सांगता उठला आणि मेंढ्यांना हाकलून दार ओढून घेऊन बाहेर उभा राहिला.

ऊन तापायला लागलं होतं त्या सुमाराला कॅसेट आली. बारामतीच्या स्टँडजवळ माझ्या मैत्रिणीच्या, मुमताजच्या वडिलांचं कॅसेटचं दुकान होतं. कॉलेज सुटल्यावर मी एसटीची वाट तिथंच बघायचे. त्या दिवशी लांबूनच आबांची हाळी ऐकू आली. गजबजलेल्या रस्त्यावर, रिक्षांच्या आवाजात, कर्ण्यातून आबांची हाळी. मी पळतच गेले. हाळीनंतर गिटार हळूहळू सुरू झाली, खालच्या पट्टीत, आणि काकांचा घोगरा आवाज आला.

मेंढरं परतली, बाबा, तू परतला नाहीस,
माझ्या मांडीवर डोकं ठेवलंस, काही बोलला नाहीस.

पुढं सगळं तेच. शेवटच्या रात्रीचा दिवा, मी पाजलेलं पाणी, तुझ्या घोंगडीत मी रडलो. मग मधेच ड्रम कडाडतात, जुनी 'फर्नेस' जागी होते, आणि पुन्हा सगळं शांत. दुकानात दोन पोरी डोळे पुसत उभ्या होत्या. मुमताजच्या अब्बांनी मला बघितलं आणि टेप बंद केला.

"पोरी, आबा गेलं आन् आमाला कळवलं बी न्हाईस?" ते म्हणाले. "सकाळी रेडिओवर तुजा चुलता बोलत हुता. म्हनला, वडील हिवाळ्यात गेलं, शेवटाला मीच जवळ हुतो."

"चाचा, आबांना सकाळी मी माडगं पाजून आलीया," मी म्हणाले.

मुमताजनं माझा हात धरला. तिला वाटलं दुःखानं माझं डोकं फिरलं. मी पुन्हा सांगितलं तेव्हा अब्बांनी कॅसेटचं कव्हर उलटंसुलटं करून बघितलं आणि काउंटरवर पालथं ठेवलं. माझ्या तोंडात कडू पाणी आलं होतं. एसटीत खिडकीशी बसले आणि काटेवाडी मागं पडली तरी ते जाईना. आणि खरं सांगायचं तर जास्त शिसारी कशाची आली असेल, तर गाणं चांगलं होतं याची. वाईट असतं तर हसून सोडून दिलं असतं. खिडकीत बसून मी ती चाल मनातल्या मनात म्हणत होते आणि मला रडू येत होतं. घरी जिवंत असलेल्या माणसासाठी. आजही माझ्या शाळेतल्या एका बाईंच्या फोनवर तेच गाणं वाजतं, त्यांचे वडील गेल्यापासून. त्यांना मी काय सांगू? फोन वाजला की वह्यांचा गठ्ठा घेऊन बाहेर पडते.

घरी मी कुणाला सांगितलं नाही. पण दादांना कामावर कळलंच. दुपारी डबा खायच्या वेळी फोरमननं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, सुट्टी कशी काढली नाही? दादा सायकल ढकलत घरी आले तेव्हा डबा तसाच भरलेला होता.

मग एका दुपारी इंदापूरची बनाआजी आली. आबांची चुलतबहीण. सोबत तिचा लेक, त्याच्या हातात दुखवट्याचं टॉवेल-टोपी आणि डोक्यावर कडू घासाची पाटी. आमच्याकडं माणूस गेलं की सोयऱ्यांनी भाकरी-पिठलं आणून घरच्यांना पहिला घास भरवायचा असतो. बनाआजीनं रस्त्यावरूनच सूर लावला. "आरं माज्या भावा, मला न सांगता गेलास रं." आबांची बाज तेव्हा घरात उकडतं म्हणून ओट्यावर काढलेली होती आणि आबा चहा पीत होते. बनाआजी पदर तोंडावर घेऊन रडत ओट्याशी आली, आईच्या गळ्यात पडायला हात पसरले, आणि पदरातून तिला आबा दिसले. तिचा सूर मधेच तुटला. तिच्या लेकानं पाटी खाली ठेवली नाही की वर धरली नाही, तशीच अर्धवट धरून उभा राहिला.

"बने," आबा म्हणाले, "कोण गेलं?"

बनाआजी मटकन खाली बसली. आई चहाच्या पातेल्याकडं बघत राहिली. शेवटी दादा आतून बाहेर आले आणि जे होतं ते सरळ सांगितलं. दत्तूनं गाणं केलंय, त्यात तुमी गेलाय, आन् लोकांना ते खरं वाटतंय. आबांनी सगळं ऐकलं. मग पाटीकडं बोट केलं.

"भाकरी हाय व्हय? वाढ. भूक लागलीया."

आईनं आधी न्हाय म्हटलं, अशुभ असतं म्हणाली. आबांनी पुन्हा बोट केलं. तेव्हा तिनं पिठलं-भाकरी कालवून त्यांना भरवली, आणि आबांनी स्वतःचा कडू घास चवीनं खाल्ला. बनाआजी त्यांचा पाय दाबत बसली आणि मधेच हसायची, मधेच रडायची. ती गेल्यावर आबांनी मला हाक मारली.

"नंदे, लाव ते गाणं."

मुमताजनं मला दिलेली कॅसेट दप्तरात होती. मी शेजाऱ्यांचा टेप आणला आणि लावला. आपली हाळी आली तेव्हा आबांनी मान डोलावली. गाणं संपेपर्यंत ते आढ्याकडं बघत होते.

"गळा हाय त्येला," ते म्हणाले. "मी कसा मेलो ह्यात?"

"काकांच्या मांडीवर."

आबांची लाळ गळाली ती मी पुसली.

"त्यो माज्या मांडीवर हुता ल्हानपणी," ते म्हणाले. "मी त्येच्या मांडीवर कवाच गेलो न्हाय."

गाणं चाललं. इतकं चाललं की त्याची चित्रफीत काढायचं ठरलं, टीव्हीवर दाखवायला. काका एका सकाळी जीप घेऊन एकटेच आले. चेहऱ्यावर तेज, केस नव्यानं काळे केलेले, गळ्यात रुद्राक्ष. दादा कामावर गेले होते. काकांनी आबांच्या पायाला हात लावला, पण बाजेवर बसले नाहीत. अंगणात खुर्ची मागून घेतली. उद्या सगळी माणसं येणार, कॅमेरे येणार, आपल्याच रानात आणि आपल्याच दारात शूटिंग होणार, असं ते आईला सांगत होते. आबांचं काम करायला एक म्हातारा नट आणला होता. त्याला आबांचा पटका आणि काठी हवी होती.

"देते की," आई म्हणाली.

"आणि वहिनी, एक करायला लागेल," काका म्हणाले. "सोबत पेपरवाले येतील. आबांना दोन दिवस काटेवाडीला ठेवू. तुमच्या माहेरी. मी जीपनं सोडतो."

"का?"

"असं काय करता. लोकांना वाटतंय ते... आता मी काय सांगत बसू सगळ्यांना? कलेत असं चालतं, वहिनी. गाण्यातला बाप वेगळा असतो."

"रेडिओवर बी गाण्यातलाच बाप हुता काय?" आईनं विचारलं.

काका माझ्याकडं वळले. मी पाण्याची कळशी घेऊन आत चालले होते, ते माझ्यामागून माजघराच्या दारापर्यंत आले. हळू आवाजात म्हणाले, "नंदा, तू समजाव त्यांना. शिकलेली आहेस. जूनमध्ये तू पुण्याला येणार आहेस ना? मी चौकशी करून ठेवलीय." त्यांच्या अंगाला अत्तराचा गोड वास होता आणि त्यांनी तो आमच्या घरात शिरण्याआधी नव्यानं लावला होता, हे मला कळत होतं. पुण्याला जाणं म्हणजे माझ्यासाठी सगळं होतं. त्या कणगीमागच्या भिंतीशी उभी राहून मी किती रात्री ते ठरवलं होतं. पण त्यांच्या तोंडाकडं बघताना मला एवढंच दिसत होतं की याच तोंडानं ते रेडिओवर, हळव्या आवाजात, आबांना मारत होते.

"काका, मला न्हाय यायचं पुण्याला," मी म्हणाले. माझा आवाज अगदी साधा होता. मलाच नवल वाटलं.

बाहेरून आबांची थाप आली, ओट्याच्या भिंतीवर. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"जातो मी काटेवाडीला," ते आईला म्हणाले. "पोराचं नाव हुतंय. दोन दिस काय."

त्या क्षणी आबांचाही मला तिटकारा आला. माणसानं किती खाली वाकावं? पण आई हलली नाही. आमची आई दिरासमोर पदर सावरल्याशिवाय कधी बोलली नव्हती. तिनं आतून लुगड्याची धुतलेली घडी आणली आणि काकांच्या हातात दिली.

"भाऊजी, आबांनी आत्ताच घाण केलीया," ती म्हणाली. "आज येवढं त्येंचं तुमी करा. मग न्या त्येनला कुठं न्यायचं तितं. मी एक सबूद बोलणार न्हाय."

काका हसले. आई हसली नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग आबांकडं. मला वाटलं ते घडी खाली ठेवून निघून जातील. पण त्यांनी बाह्या मागं सारल्या. हे त्यांच्या बाजूनं लिहायला हवं, म्हणून लिहिते. ते बाजेशी वाकले, एका हातानं आबांची कंबर उचलायला गेले आणि दुसऱ्या हातानं खालचं ओढलं. हात भरला. काकांनी तो हात अंगापासून लांब धरला, आणि तसेच ओट्यावरून उतरून लिंबाखाली जाऊन ओकले. भडाभडा ओकले. सकाळी वाटेत खाल्लेलं सगळं. मेंढ्या दावणीला ताण देऊन बघत होत्या. आबा अर्धे उघडे, एका कुशीवर तसेच कलंडलेले होते आणि लेकाकडं बघत होते. त्यांना तोंड फिरवता येत नव्हतं, कारण ती बाजू हलत नव्हती.

"त्येला पाणी दे गं," आबा म्हणाले.

मी पाणी दिलं. काकांनी चूळ भरली, हात पुन्हा पुन्हा धुतले, मग साबण मागितला. तोवर आईनं आबांना स्वच्छ करून सरळ केलं होतं. काका परत ओट्यावर आले नाहीत. अंगणातूनच म्हणाले, "उद्या फक्त बाज आत घ्या. एवढं तरी करा." आणि जीपमध्ये बसले.

दादा संध्याकाळी आले. आईनं सांगितलं, दादांनी ऐकलं. "बाज रोज जितं असती तितंच ऱ्हाईल," एवढंच ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले नाहीत.

सकाळी गाड्या आल्या. अख्खं कळंब रस्त्याला लोटलं. तो भाड्याचा म्हातारा आबांच्यासारखा पटका बांधून कुणाच्या तरी मोटारीच्या आरशात बघत होता. घोंगडी नवी आणली होती, दुकानातली, कडक इस्त्रीसारख्या घडीची. 'फर्नेस'चे चौघं काळ्या चष्म्यात उतरले. काका त्यांना घाईनं रानाकडं घेऊन चालले होते, पण रॉबिन मागं रेंगाळला. त्याला आईला भेटायचं होतं. बहुतेक दुखवट्याचं काहीतरी बोलायचं असावं, कारण हातात फळांची पिशवी होती आणि चेहरा तसा केलेला होता. तो ओट्याशी आला आणि त्यानं आबांना पाहिलं.

पिशवी खाली ठेवून बाजेच्या कडेला बसला. आबांनी त्याला ओळखलं आणि डाव्या हातानं लाकडावर ठेका धरला. रॉबिननं जबाब दिला नाही. त्यानं आबांचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटून बसला. काका परत आले तेव्हा तो तसाच होता.

"दत्ता, तू मला फोन केला होता," रॉबिन म्हणाला. "रडत होता तू. गेला म्हणाला."

"रॉबिन, आपण नंतर बोलू."

"मी चर्चमध्ये मेणबत्ती लावली त्याच्यासाठी. आपण दोघं पुण्यात बसून प्यालो त्याच्यासाठी."

काकांनी आजूबाजूला बघितलं. माणसं जमली होती. पेपरवाल्यांपैकी एकानं आमच्या शेजाऱ्याला विचारलं, हे बाबा कोण, आणि शेजाऱ्यानं सांगून टाकलं. काकांच्या चेहऱ्यावरचा रंग मी पाहिला. लाज असती तर मला बरं वाटलं असतं. तिथं फक्त हिशेब चालला होता, आता काय सांगायचं याचा. आणि ते पुढं झाले, बाजेशी गुडघ्यावर बसले, कॅमेरेवाल्याला हात केला आणि म्हणाले, "घ्या, हे घ्या. बापलेक भेटतायत, असं घ्या."

दादा तोवर भिंतीला टेकून उभे होते. ते पुढं आले, काकांना दंडाला धरून उठवलं आणि अंगणाच्या बाहेर नेऊन सोडलं. मारलं नाही, शिवी दिली नाही. दारातून मेंढरू हाकलावं तसं नेलं. गाड्या दुपारच्या आत गेल्या. रॉबिन त्यांच्याबरोबर गेला नाही. तो आमच्याकडं जेवला आणि माझ्याबरोबर एसटीनं बारामतीपर्यंत आला. वाटेत त्यानं मला बँडची सगळी हकिगत सांगितली. त्यानंतर त्यानं काकांबरोबर कधी वाजवलं नाही, असं ऐकलं. गाण्याची चित्रफीत दुसऱ्याच कुठल्या तरी माळावर निघाली, त्या भाड्याच्या म्हाताऱ्याला घेऊन, आणि फार गाजली. पेपरात आमच्याबद्दल एक ओळही आली नाही. कुणाला ती बातमी वाटली नसेल, किंवा कुणाला ते गाणं खराब करायचं नसेल. मी बारामतीतच पुढं शिकले आणि मास्तरीण झाले.

आबा त्यानंतर बरीच वर्षं जगले. काका आले नाहीत. आबा मधूनमधून विचारायचे, दत्तूचं बरं चाललंय काय, आणि दादा व्हय म्हणायचे. आबा खरे गेले तेव्हा त्यांचं डोकं आईच्या हातात होतं, कारण ती त्यांना पाणी पाजत होती. त्यात गाणं करण्यासारखं काही नव्हतं. ठसका लागला आणि ते गेले.

काका दहाव्याला आले, नीरेच्या काठी. केस काळे करायचं सोडलं होतं. न्हाव्यापुढं बसले, मुंडण करून घेतलं, आणि रडले. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. मला कळलं नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. विधी उरकल्यावर कीर्तनकार बोलले, गावचे दोघं-तिघं बोलले, आणि मग मागून कुणीतरी म्हणालं, "दत्तूशेठ, ते गाणं म्हणा की. आज म्हणायलाच पायजे." दुसऱ्यानंही म्हटलं. बायकांमध्ये कुजबुज झाली, माइक पुढं सरकवला गेला. काका उठले. त्यांनी माइक घेतला, डोळे मिटले आणि घसा साफ केला.

दादा खाली बसलेलेच होते. बसल्या जागेवरून, मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ते म्हणून झालंय, दत्तू. बस खाली."

काकांनी डोळे उघडले. मग माइक त्यांनी कीर्तनकारांना परत दिला आणि बसले. नंतर पंगत बसली. काकांच्या दोन्ही बाजूंना माणसं बसली, त्यांच्याबरोबर फोटोही काढून घेतले. मी वाढायला होते. भाताचं पातेलं घेऊन त्यांच्या पानाशी आले तेव्हा त्यांनी मान वर केली नाही, आणि मी भात वाढून पुढच्या पानाकडं गेले.